पावटी

बैठक साडेचारला होती, सुरू झाली सहाला.
साहेबांची गाडी देसूरच्या फाटकात अडकली होती म्हणे.
तोवर आम्ही घाटावर सतरंज्या घातल्या.
निंगव्वानं त्या उचलून पुन्हा झटकल्या,
म्हणाली, दगुड आतनं ओला हाय,
बसल्यावर कळतंय.

मी नगरपंचायतीत कारकून. इतिवृत्त लिहिते.
डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी,
मध्ये दोऱ्याची शिवण.

नकाशा उघडला तो आधी वाऱ्यानं वाचला.
मग चार कोपऱ्यांवर चार कौलं ठेवली,
रुद्राप्पाच्या अंगणातली,
एकावर बंद पडलेल्या कारखान्याचा शिक्का.
नकाशातली मलप्रभा निळी होती.
आमची जुलैत चहासारखी असते,
आणि एप्रिलात
खानापूरचं कुठलंही पोर तिच्यातले दगड मोजून दाखवील.

साहेब बोटानं दाखवत होते:
इथं फिरायची वाट, इथं बाकं, इथं दिव्यांचे खांब,
इथं नौकाविहार.
इनास फर्नांडिस हसला.
त्याच्या आज्याची होडी
पूल झाला त्या वर्षी चुलीत गेली.
"पाणी किती म्हयने असतंय
ते लिवलंय काय ओ त्यात?"

मी लिहिलं: पाण्याविषयी चर्चा झाली.

मग निघालाच तो विषय. बोर्ड.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
खालची किती इंच.
दोन्हीकडची तरणी पोरं उभी राहिली,
एकानं मोबाईल काढला, मग सगळ्यांनी.
माझी दोन्ही पानं कोरी.
तेवढ्यात चौदा म्हशी
बैठकीच्या मधूनच पाण्यात उतरल्या,
कुणाचीही मंजुरी न घेता.

"मी धुतो कुठं, ते दावा की,"
निंगव्वा नकाशावर वाकली.
तिच्या जागी गोल फुलझाडं होती.
"आणि पावट्या बत्तीस कशानं?
सत्तावीस हाईत.
खालच्या चार बुडाल्यात, त्या धरून."
साहेबांनी विचारलं, पावट्या म्हणजे?
कन्नडवाले म्हणाले, पावटिगे.
मराठीवाले म्हणाले, पायरी ओ, पायरी.
मी दोन्ही पानांवर
तिनं म्हटलं तसंच लिहिलं.

रुद्राप्पा एवढा वेळ गप्प होता.
उठला, सायकलवरचं पोतं सोडलं,
चाकावर जायची माती सतरंजीवर ओतली
आणि बसल्या बसल्या घाट केला.
वळण, देवळाची भिंत, सत्तावीस पावट्या नखानं.
"आता सांगू नका कोण काय करतंय.
दाबा."

निंगव्वानं अंगठा दाबला, धुण्याच्या दगडावर.
दस्तगीरनं दाबला, मोहरमला डोले थंड होतात तिथं.
इनासनं, होडीची कडी होती तिथं.
पोरांनी, उड्या मारतात तिथं, एकावर एक,
कुठला कुणाचा ते त्यांनाही सांगता येईना.
दहाव्याच्या जागेवर बराच वेळ कोणी हात नेईना,
मग तीन-चार जणांनी एकदम नेला.
म्हशींसाठी रुद्राप्पानं तळहात टेकला.
साहेबांनी बूट काढले, खाली बसले,
आणि त्यांना दाबायला जागा सापडेना.

अंधार पडला तेव्हा सगळे उठले,
पाठीमागे ओले, आपापल्या घरी.

मीही दाबला एक. इतिवृत्तात नाही तो.
सव्विसाव्या पावटीवर, वाळू साठते तिथं,
महादेवी हंचिनाळनं माझं बोट धरून
मला क गिरवायला शिकवला होता,
या नोकरीच्या परीक्षेच्या आधी.
ती पुढं धारवाडला गेली.

प्रस्ताव वर गेला आहे. बोर्डाचं अजून ठरलं नाही.
मातीचा घाट आमच्या कपाटावर आहे,
वाळला, नदीच्या जागी तडकला.
शिपाई म्हणतो, टाकू काय ओ बाई, धूळ बसतेय.
मी म्हणते, राहू दे.
सह्या आहेत त्याच्यावर.