शंभरातून वजा

घुगे सरांनी दारातच मोजून आत घेतली पोरं.
एकेचाळीस. वाटूर फाट्याच्या पुढची शाळा,
पहाटे साडेपाचला निघालेली,
दोघांच्या शर्टाला अजून उलटीचा वास.
चपला बाहेर, एका ओळीत लावा म्हटलं
तर ओळ गेटपर्यंत गेली
आणि वॉचमन उठून बसला.

जालन्यात दोन गोष्टी दाखवतात पोरांना :
सकाळी बियाणं, दुपारी लोखंड.
लोखंड आवडतं त्यांना. लाल सळई सापासारखी पळते,
कान किटतात, घरी सांगायला काहीतरी होतं.
आमच्याकडं काय,
ओला कागद, आणि कागदात मूग.

तरी मी सांगते. अकरा वर्षं सांगतेय.
शंभर दाणे, दहाच्या दहा ओळी,
ओल्या कागदावर मांडायचे, गुंडाळी करायची,
पंचवीस अंशांच्या कपाटात उभी ठेवायची,
आठव्या दिवशी उलगडायची.
सरळ आले ते सामान्य.
वाकडे, बुटके, मूळ नसलेले ते असामान्य.
पाणीच प्यायले नाहीत, खड्यासारखे राहिले, ते कठीण.
"त्यांना मेलेलं म्हणायचं नाही हं," मी म्हणते,
इथं पोरं दरवर्षी हसतात.
उरले ते मृत.

फळ्यावर तक्ता भरून दाखवला :
शहाऐंशी, पाच, सहा, तीन.
सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या.

टाळ्या थांबल्यावर एक आवाज राहिला,
"मॅडम, मेलेले दोनच हायेत."

मिसबाह शेख, सातवी.
ट्रेवर वाकलेली, ओढणीचं टोक दातात,
तिचं बोट एकेका दाण्यावर थांबत होतं,
शिवत नव्हतं.
सर म्हणाले, "मॅडमला शिकवती का गं?"
मी म्हटलं थांबा सर, मोजते.

मोजले. दोन.
पुन्हा मोजले, चिमट्यानं एकेक बाजूला सारून.
दोन.

खरं सांगायचं तर मेलेले मी मोजतच नाही.
बाकीचे मोजते आणि शंभरातून वजा करते.
आधीच्या ताईंनी तसंच शिकवलं होतं,
बेरीज बरोबर येते, डबा वेळेवर खाता येतो.
अकरा वर्षांत किती गुंडाळ्या,
किती पोत्यांच्या लेबलामागं माझी सही,
याचा हिशेब उभ्या उभ्या करायला लागले
आणि सोडून दिला.

मग एकेचाळीस पोरं गुडघ्यांवर.
टेबलाखाली, बेसिनच्या पाइपामागं,
एकीनं तर माझ्या ॲप्रनचा खिसा उलटा केला.
सर घड्याळ दाखवत होते,
साडेबाराला मिलचं गेट गाठायचं होतं.
"एका मुगासाठी काय, मॅडम, सोडा आता."

तथागतला सापडला. कपाटाच्या तळाशी,
पाणी ठिबकून साचतं त्या पत्र्यावर.
अंधारात वाढलेला, बोटभर, दुधासारखा पांढरा,
मूळ पत्र्यावर घासत घासत
कोपऱ्यापर्यंत गेलेलं.

पोरं ओरडली, "सत्त्याऐंशी! सत्त्याऐंशी!"
विकेट पडल्यासारखी.
मी म्हटलं, कागदाबाहेर पडलेला धरत नाहीत,
नियमात बसत नाही.
"मंग कशात बसतो?" तथागतनं विचारलं.
सर म्हणाले, चला, रांग करा.
मिसबाहला तोवर तहान लागली होती.
नळाखाली ओंजळ धरून खूप वेळ प्यायली,
हात ओढणीला पुसले, मागं वळून पाहिलं नाही.
दारात सरांनी पुन्हा मोजली पोरं,
प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारत, मोठ्यानं.
एकेचाळीस.

आता चार वाजलेत. संगणकात भरायला बसलेय.
शहाऐंशी, पाच, सहा, दोन.
चौकट लाल होते. बेरीज शंभर हवी.
शेजारी बशीत तो लांबडा पांढरा मूग,
खिडकीच्या बाजूला मीच सरकवून ठेवलेला.
लांब कुठंतरी मिलचा भोंगा झाला,
पोरं एव्हाना परतीच्या रस्त्याला लागली असतील,
सळईबद्दल बोलत.
मी पुन्हा भरते.
शहाऐंशी, पाच, सहा, दोन.