झाकण

लिहून घ्या, पाद्रीबाबा,
पण दौत आधी शेगडीजवळ सरकवा.
या दिवसांत इथं शाई गोठते.
नाव सुन्-दोक. बाप्तिस्म्याचं बिबियाना.
वय विचारू नका.
माझ्या देखत भट्टी सहा वेळा ढासळली
नि सातव्यांदा बांधली, एवढंच ठाऊक.

तो आला तेव्हा मी सात वर्षांची.
रात्री, बर्फ तुडवत,
अंगावर सुतक्याचे जाडेभरडे कपडे,
डोक्यावर सुतकाची वेताची टोपी, टोपलीएवढी,
खांद्यापर्यंत उतरलेली.
आमच्या देशात सुतक्याला कुणी हटकत नाही,
नाव विचारत नाही, वाकून तोंड बघत नाही.
त्या टोपीखाली एक अख्खा फ्रान्सचा माणूस
राजधानी ओलांडून आमच्या दरीत आला.
कुणाचं सुतक, शिन्बू? आम्ही पोरं चिडवायचो.
माझंच, म्हणायचा.
आमची भाषा त्याला कधीच धड आली नाही.
बैलालासुद्धा अहो-जाहो करायचा.

आम्ही सगळे कुंभार. म्हणजे, लपलेले.
कुंभारांच्या वस्तीकडे कोण फिरकतंय?
भट्टी निवली की तिच्या तोंडाशी बसून
तो पापं ऐकायचा. बाहेर येताना
त्याच्याही गुडघ्यांना राख, आमच्याही.
दिवसा चाकावर बसायचा.
हात दांडगे. माती त्याचं ऐकायची नाही.
दोन हिवाळ्यांत त्याच्या हातून
एक झाकण तेवढं भाजण्याजोगं निघालं,
तेही वाकडं, एका बाजूला दोन बोटं फट.
आईनं ते किमचीच्या रांजणावर ठेवलं. मानानं.

शिपाई आले तेव्हा बाबांना खांबाला बांधलं.
मारलं. बाबा बोलले नाहीत.
शेजारचा चिल्-बोक बोलला नाही,
ज्याची सगळी दुनियेशी भांडणं, तोही.
मग त्यांचा नाईक रांजण उघडत निघाला,
माळ सापडते का, क्रूस सापडतो का बघत.
त्या झाकणाशी थांबला. उलटंसुलटं केलं.
हे कुणा कुंभाराच्या हातचं नाही, म्हणाला.
आणि मी हसले.
हसतच सांगितलं,
ते ना, निळ्या डोळ्यांच्या आजोबांनी केलंय!

तो लाकडांच्या ढिगामागं होता.
आपणच बाहेर आला. आधी बाबांना सोडा म्हणाला,
शिपायांनाही अहो-जाहो.
हात मातीचे होते, ते बर्फानं पुसले.
जाता जाता माझ्यापाशी थांबला
आणि ती सुतकाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.
कमरेपर्यंत आली मला.
आत अंधार, नि त्याच्या घामाचा वास.
म्हणून त्याला नेताना मी पाहिलं नाही.
पाहिलं असं लिहू नका.

पुढचं बाबांकडून.
ते पाठीवर बरण्या घेऊन शहरात गेले,
विकायचं निमित्त करून.
नदीकाठच्या वाळूत गर्दी होती.
पहिला घाव नीट बसला नाही, म्हणाले.
एवढंच म्हणाले.
बरण्या सगळ्या तशाच परत आणल्या,
विकायचं विसरलो म्हणाले,
आणि आई त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच
काही बोलली नाही.

उजेड? सुगंध? कबुतर?
मला ठाऊक नाही, बाबा. दुसऱ्या कुणाला विचारा.
चमत्कारच हवा असेल तर
त्या साली आमची किमची बिघडली नाही,
झाकणाला दोन बोटं फट असून.
नाईकानं ते आपटून फोडलं नव्हतं,
नुसतं जागेवर परत ठेवलं होतं,
वाकडं, जसं होतं तसं.
त्याचंही मला कधी कधी नवल वाटतं.

आजवर पाचजणांनी माझी पापं ऐकली.
पाचहीजण म्हणाले, पोर होतीस, तुझं पाप नाही.
मग खापर कुणाच्या माथी फोडायचं?
मातीच्या?
तुम्हीही तेच म्हणाल. म्हणा.
पण कागदावर त्याच्या नावाखाली
माझंही लिहा. सुन्-दोक. नीट अक्षरात.
आणि ती हसली होती,
हे वगळू नका.