पाना शिरेल एवढी जागा

बावीस किलोमीटर.
एवढंच माझं दिवसाचं फिरणं.
मानेवाडा, सक्करदरा, नंदनवन, हसनबाग,
लोकांच्या उपाशीपोटी काढलेल्या रक्ताच्या नळ्या
बर्फाच्या डब्यात घालून
साडेनवाच्या आत धंतोलीच्या लॅबमध्ये.

गाडी म्हणते, मी एकशे चाळीस जाते.
जात असशील बाई. कुठे?
माझी बहीणही इतकी लांब दिलेली नाही.

तिला नकाशा येतो. मला रस्ता येतो.
तिला गाणी येतात. माझा वाढदिवससुद्धा पाठ,
बारा फेब्रुवारीला पडद्यावर फुगे सोडले तिनं.
आणि एकोणीस एप्रिलला, पंचेचाळीस डिग्रीत,
हसनबागच्या चौकात पडदा काळा करून
नुसतीच उभी राहिली.
चाकं शाबूत, मोटर शाबूत, ब्रेक शाबूत,
डब्यात अकरा जणांचं रक्त.

वर्धा रोडच्या शोरूममध्ये एसी होता.
पोरगा गोड बोलला. बोर्ड गेलाय मॅडम.
त्यातला कुठला भाग?
भाग नसतो मॅडम, पूर्ण बोर्डच असतो.
एकवीस हजार. यायला पाच आठवडे.
मी म्हटलं, तोवर पडद्याशिवाय चालवू?
तो असा हसला
जणू मी बिनपत्रिकेचं लग्न लावायला सांगत होते.

तांडापेठेत ईश्वर धकाते मोटरी भरून देतो.
बापाच्या हातात सूत होतं, ह्याच्या हातात तांब्याची तार.
दुकानापुढे कूलरच कूलर,
कुणाचं बेअरिंग, कुणाचा पंप,
एकाच्या पत्र्यावर रंगाचे चार थर,
आताच्या मालकाहून तीन वर्षांनी मोठा.
होळी झाली की दरवर्षी उघडतात त्याला,
जुनं गवत बाहेर, नवं गवत आत,
पंप तर शेजारचं पोरगंही बदलतं,
आणि मृगापर्यंत तो घर गार ठेवतो
काही न विचारता.
पासवर्डसुद्धा.

ईश्वर गाडीपाशी उकिडवा बसला.
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा
तसा हात फिरवत राहिला बराच वेळ.
"हिले उघडाले जागाच नाही ना ताई.
स्क्रू नाही, नुसत्या क्लिपा. बॅटरीत गोंद भरून ठेवला.
उद्या एक सेल मेला तर एक बदलावा,
पूर्ण डबा काहून?
एक दात दुखला म्हणून
कोणी जबडा काढते का बाप्पा?"

मग माझ्या पर्समधलं विजेचं बिल घेऊन
त्याच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं गाडी काढली.
सीटखाली डबा, डब्याला झाकण, झाकणाला चार स्क्रू.
पडद्याच्या जागी एक काटा.
मोटरच्या बाजूला थोडं कोरं सोडलं.
इथे काय?
"इथं पाना शिरते."

मला ती पाहिजे.
चाळिसाच्या वर न पळणारी,
पन्नास किलोमीटरला थकणारी,
थकली की तसं सांगणारी.
जिची कंपनी बुडाली तरी जी बुडणार नाही.
पोरगी कॉलेजात जाईल तेव्हा
शी, ही काय जुनाट, म्हणेल
आणि तरी किल्ली घेऊन जाईल.
किती वर्षं टिकेल, मी ईश्वरला विचारलं.
"चालन तवरी चालन. मंग उघडू."

आमची अजून दारातच आहे, ताडपत्रीखाली.
रात्री दोनला आत कुठेतरी निळा ठिपका लुकलुकतो,
काय मागते कळत नाही.
मी कूलरच्या घरघरीत पडून असते.
सकाळी सायकल. रक्त वेळेत पोचतं,
मी घामानं निथळत पोचते.

बिल सातशे चाळीसचं, तारीख उलटून गेली.
उद्या खिडकीतल्या माणसाला सांगावं लागेल,
भाऊ, शिक्का जरा हळू मारा.
मागे गाडी आहे.