चार उलटे, एक सुलटा

सोळाच्या चाकाला टायर मिळत नाही आता,
धुळ्यात नाही, जळगावात नाही.
एका दुकानदारानं विचारलं,
बाई, बैलगाडीचं आहे का?
शेवटी मालेगावच्या भंगारातून
उलटलेल्या बोलेरोची चार चाकं आणली.
पंधराची, ट्यूबलेस,
एकाच्या खाचेत अजून कुणाच्या तरी शेतातली काळी माती.

बोल्ट पाच तिलाही, पाच हिलाही.
अंतर तेच. फक्त मधलं भोक
दोन सूत कमी पडलं.
लेथवाल्यानं वाढवून दिलं
आणि पैसे मोजताना म्हणाला,
विकून टाका गाडी, चाकांचे तरी पैसे वाचतील.

गाडी सदुसष्टची.
आण्णा हिच्यातून बर्फ वाहायचे,
पारोळ्याच्या कारखान्यातून लगीनघरी.
लाद्यांवर भुसा, भुशावर गोणपाट,
आणि मागे डांबरावर पाण्याची रेघ.
वैशाखात गावोगावची पोरं
त्या रेघेवर अनवाणी पळायची,
रेघ वाळायच्या आत.
हौद्याचा पत्रा बर्फानं खाल्लाय, उन्हानं नाही.
मी जार वाहते, वीस लिटरचे.
माझ्यामागे एक थेंब सांडत नाही.

बायपासवर रज्जाकचाचांच्या छपरात
सकाळी नऊला पाना हातात धरवत नव्हता.
सोहेलनं कंप्रेसर लावला.
उजवी बाजू: टर्रर्र, पाच नट,
टर्रर्र, पाच नट,
माझा चहा निम्मासुद्धा झाला नव्हता.
मग तो डावीकडे आला.
मागच्या चाकाचा पहिला नट हलेना.
तेल मारलं. शिवी दिली.
दाब वाढवला,
आणि आत काहीतरी कटकन तुटलं.

बाजेवरून चाचा न उठताच म्हणाले,
"डावी बाजू उलटी शे रे, गधड्या."
मग उठले, लुंगी सावरली,
तुटक्या बोल्टचं टोक फडक्यानं पुसलं
आणि त्यावर ठोकलेला बारकासा एल दाखवला.
"चाक पुढे जाई तसा नट कसाय गया पाहिजे,
म्हनीसन उलटे आटे."
सोहेल त्या अक्षराकडे असा बघत राहिला
जसं कुणी त्याच्याच घरात
त्याला न विचारता खोली बांधली होती.

मला ठाऊक होतं.
लहानपणी मी जॅकच्या दांड्यावर बसून पाहायचे.
उजवीकडे आण्णा सगळ्या जगासारखा पाना फिरवायचे,
डावीकडे वेगळा.
वाटायचं, यांचे दोन हात
दोन वेगळ्या माणसांचे आहेत.
मला ठाऊक होतं, आणि मी चहा पीत होते.

डालड्याच्या डब्यात, खोक्यात, बाजेखाली,
उलट्या आट्यांचा बोल्ट कुठेच सापडला नाही.
चाचांनी सुलटाच ठोकून बसवला.
म्हणाले, कोकिळा, ध्यानात ठेव,
चार उलटे, एक सुलटा.
सोहेल घरात गेला, बहिणीची नेलपॉलिश घेऊन आला
आणि त्या एका नटाला लाल ठिपका लावला.
बहीण दारातून ओरडत होती.

गाडी आता हलकी वळते, गुमान चालते.
काटा चाळीस दाखवतो, तेवढी ती धावत नाही,
चाक लहान, म्हणून फुशारकी मोठी.

परतताना बर्फाच्या कारखान्यापाशी थांबले.
दरवाजाला साखळी, ओट्यावर कुत्री झोपलेली.
तरी गाडी मागे घेतली, आण्णांसारखी,
आरशात न बघता, मान बाहेर काढून.
पूर्वी फळका पाडला की ओट्याला असा भिडायचा
की लादी उचलावी लागत नसे,
नुसती सरकायची.

आज फळका बोटभर खाली राहिला.
खाली उतरून मी त्या फटीत बोट घालून पाहिलं.
मधलं बसलं, अंगठा बसला नाही.
कुत्र्यानं एक डोळा उघडला.
हौद्यात जार एकमेकांवर आपटले,
आणि अजून चार ठिकाणी पाणी द्यायचं होतं.