भोंगा

कागद माझ्याच हस्ताक्षरातला होता.
'माता-भगिनींनो, स्तनपान हे बाळासाठी अमृतासमान...'
रुबाब तडवीनं तो रिक्षाच्या काचेवर टेकवून वाचला,
घडी घालून खिशात टाकला.
"मॅडम, हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही.
आमच्याकडं अंगावर पाजतात."

त्याचा आवाज तालुक्याला पाठ.
कुस्त्यांची दंगल, साड्यांचा सेल,
हरवलेली शेळी, कान काळा, डाव्या शिंगाला लाल चिंधी.
त्याच आवाजात तो डोंगरकठोऱ्याच्या रस्त्यावर सुटला :

"म्हशीचा चीक वाडगाभर मागून नेता,
खरवसाच्या वडीवरून जावाजावांत भांडनं,
अन् बाईचा चीक मातीत पिळता?
कोन्या शान्यानं सांगलं वं बायांनो?"

दारांमागं हसू फुटलं.
मी मागच्या सीटवर, मांडीत तापलेली बॅटरी.
मे महिना. केळीची पानं कडेनं करपलेली,
डांबर चपला धरून ठेवत होतं.

"सहा महिने नुसतं अंगावरचं.
घुटी नको, गुळाचं नको, पानीबी नको."

इथं रिक्षा अडली.
करीमबाई काठी आडवी धरून मधोमध.
"सेहेचाळीसचं ऊन हाये.
मानूस तांब्यामागं तांब्या पितो,
अन् लेकराले पानी नको?
कोन्या दगडाचा हायेस रे तू?"

उत्तर माझ्या कागदावर होतं,
तिसऱ्या परिच्छेदात, टक्केवारीसकट.
मी माइक घेतला, तोंड उघडलं.
भोंग्यानं शीळ घातली. बरंच झालं.

ओट्यावरून तिचीच सून, हुरमत, मान वर न करता :
"सकाळपासून सात दुपटी ओली केली यानं.
दोरीवर मोजा.
पानी मिळत नसतं तर आलं कुठून?"

मोजली. सात.
उन्हानं पापडासारखी कडक झालेली.

रुबाब वायर सोडत सोडत ओट्यापर्यंत गेला.
"हे गावाले सांग."
तिनं मान हलवली. नाही.
माइक तिच्या पदराशी तसाच राहिला,
लाल दिवा चालू.

मग भोंग्यातून आलं ते बोलणं नव्हतं.
घुटुक्.
घुटुक् घुटुक्.
नाकातला बारका उसासा, परत घुटुक्,
गिरणीपासून थेट दर्ग्याच्या चिंचेपर्यंत.

कोणी हसलं नाही.
रुबाब पाठ फिरवून उभा,
वायर हातात ताठ, जणू विहिरीत बादली सोडलीय.
गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला.

करीमबाई पायरीवर बसली.
"याच्या बापाले मी मध चाटवला होता," म्हणाली.
"त्याच्या अगोदरच्यालेबी."
अगोदरच्याचं पुढं काय ते
तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी अहवाल भरला.
फेऱ्या : चार. श्रोते : अंदाजे तीनशे.
'प्रमुख वक्ते' हा रकाना
मी कोरा सोडला.

परतताना रुबाबनं माइक रुमालानं पुसला
आणि त्या शेळीसाठी पुन्हा हाक दिली,
कान काळा, डाव्या शिंगाला लाल चिंधी.
पण जरा हळू.
ओट्यावरचं आता झोपलं असणार.