एक जून

पारोळ्याच्या हायस्कुलात, जानेवारीतला रविवार.
कमानीवर कापडी फलक:
शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं जिल्हा अधिवेशन.
'अधिवेशन'मधला श पुसट.
रंग संपला असेल, किंवा रंगवणारा आमच्यातलाच,
मध्येच घंटा द्यायला उठलेला.

साडेदहाची वेळ छापली होती.
पाहुणे धुळ्याहून निघालेत
असं गेला तासभर कळतंय.
मंडपात चारशे माणसं, निम्मी तरी घंटा देणारी,
आणि एकालाही सुरुवात करता येत नाही.

माईक खरखरला तसे तीसेक जण ताडकन उठले,
खिशांतून टेस्टर निघाले.
संयोजक ओरडले, अहो बसा, आज तुम्ही प्रतिनिधी आहात!
बसलो. खुर्चीच्या कडेवर.
पुढच्या रांगेत चहा सांडला,
प्रयोगशाळेच्या कोकिळाबाई फडकं शोधायला गेल्या
त्या जेवणापर्यंत परतल्याच नाहीत;
दुसऱ्याच्या शाळेतलं कपाट लावत होत्या म्हणे.

भाषणं झाली. आकृतिबंध. रिक्त पदं.
माणूस निवृत्त झाला की पदही त्याच्यासोबत घरी जातं,
हे आकडेवारीसह.
एक वक्ता म्हणाला, तुम्ही शाळेचा कणा आहात.
मागून कोणीतरी: 'कणानं दुखनं कोनले दखास, भाऊ?'

माझ्या पिशवीत लोटन आप्पांचं सेवापुस्तक,
लेखा कार्यालयातलं कोणी भेटलं तर दाखवावं म्हणून.
आमचे शिपाई. एकतीस मेला निवृत्त.
जन्मतारीख एक जून.

अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय.
मीही लिहिल्यात तशा तारखा,
आया सांगायच्या: कपाशी वेचणीले व्हती,
बोरीले पानी उनं त्या साली.
वेचणीचा रकाना माझ्या रजिस्टरात नाही.

जेवणाला बट्टी, वरण, घोटलेली वांगी.
वाढायला उभे राहिलेले प्रतिनिधी
बसलेल्या प्रतिनिधींपेक्षा जास्त.
तिथे आप्पा एका म्हाताऱ्यापुढे थांबले,
हातातली तुपाची वाटी तशीच.
सत्काराची शाल, नारळ मांडीवर, जगतराव भदाणे.
पंचाहत्तरी ओलांडलेले. संस्थेच्या मराठी शाळेतले जुने लिपिक.

'तात्या, तुनी माले दोन वरीस पहिलेच म्हतारं करी टाकं.'

भदाण्यांनी घास गिळला. ओळखायला वेळ लागला.
मग म्हणाले, तुझी माय ओट्यावरून हालेना.
थोरली बहीण शाळेत, हा एकटा घरी, विहिरीपाशी जातो म्हणे.
तेव्हा डोक्यावरून हात टाकून उलटा कान धरायला लावायचो.
पोचला तर वय भरलं.
तुझा पोचत नव्हता.
मी ओढून पोचवला.

आप्पा काही बोलले नाहीत.
वाटी तिरपी करून
तात्यांच्या बट्टीवर तूप सोडलं, जरा जास्तच.
मी सेवापुस्तकाच्या पिशवीची गाठ उगाच पुन्हा मारली.
दोन वर्षांचा पगार, दोन वर्षांच्या घंटा,
धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष;
आणि दुसऱ्या पारड्यात ती विहीर.
असा हिशोब कोणत्या कॅशबुकात मांडायचा,
जमेला कोणाला धरायचं.

दुपारी ठराव.
चार नंबरचा: रिक्त शिपाई पदं रद्द करू नयेत.
अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत.
हात गेले वर, शाईचे, फिनेलचे,
एकाच्या अंगठ्याला स्टॅम्पपॅडचं जांभळं.
आप्पांचाही गेला,
वर जाऊन क्षणभर रेंगाळला,
मग डोक्यावरून वळला
आणि उलट्या कानाशी येऊन थांबला.

मोजणारा पोरगा आमच्या रांगेशी अडखळला.
हा धरायचा का, म्हणाला.

धर, म्हटलं.
पुरा पोचलाय.