तात्या बसली आहे

मंगळवारी सकाळी तात्यांनी अंडं घातलं.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, बाजरीच्या फोलपटांत,
जायफळाएवढं, पांढरं.
हात लावला तर अजून कोमट.

तीन वर्षं आम्ही त्यांना तात्या म्हणत होतो.
आम्ही म्हणजे मीच.
तुरा उभारून बघायचे ना,
दौलतगंजच्या शाळेतल्या हेडक्लार्कसारखे,
अर्ज परत करण्याआधी.
विकणारा म्हणाला होता, कॉकेटील है, नर है,
सीटी बजाएगा.
शिट्टी कधी वाजवली नाही. मला वाटलं, स्वभाव.

शेजारच्या श्रीवास्तव भाभी दारातूनच म्हणाल्या,
अकेली थी ना? फिर कैसे?
आणि बघितलं माझ्याकडे,
जसा काही हिशेब मीच द्यायचा.

डॉक्टर तसे गुरांचे. पाखरं सवडीने बघतात.
म्हणाले, भुर्जी खाता ना? मग?
त्या अंड्यांना कुठे बाप असतो?
मी खात नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

अंडी उचलू नका, म्हणाले.
उचललीत तर पुन्हा घालेल,
हाडांतला चुना काढून काढून घालेल.
समुद्रफेस टांगा. पाण्यात कॅल्शियमचे थेंब.
(मलाही तेच लिहून दिलंय, गोळ्यांत,
कम्पूतल्या डॉक्टरीणबाईंनी, जानेवारीपासून.)
घरात दिवा किती वाजेपर्यंत असतो?
एक वाजेपर्यंत.
साड्यांना फॉल लावते. लग्नसराई आहे.
तेव्हा मान हलवली त्यांनी:
तुमच्याकडे रात्रच होत नाही, बाई.
तिला वाटतं, ऋतू सरलाच नाही.

आणि निघताना, पावती फाडता फाडता,
पाठीवरून हात फिरवता का?
फिरवते.
नका फिरवू. डोक्यावर चालेल, मानेपर्यंत चालेल.
पाठीवर हात म्हणजे तिच्या भाषेत...
पुढचं वाक्य त्यांनी
पावतीवर तारीख लिहिण्यात घालवलं.

टेम्पोत पिंजरा मांडीवर होता.
उजवा हात मी डाव्याखाली दाबून ठेवला.

चार झाली, दिवसाआड एक.
तात्या बसली.
'बसले' म्हणायला जीभ वळेना,
दुसरं नाव ठेवायला मन.
तेव्हा तात्या बसली, तात्या दाण्याला उठली,
तात्याने एकेक अंडं चोचीने उलटवलं,
पोळीची दुसरी बाजू भाजावी तसं, न चुकता.

एकदा ती पाण्याकडे गेली, तेवढ्यात
मोबाइलचा टॉर्च धरला मी अंड्यामागे.
आत पिवळसर उजेड, स्वच्छ.
एक शीर नाही.
भाड्याने द्यायला झाडून ठेवलेल्या खोलीसारखं.
ती फिसकारली.
मी चोरासारखा टॉर्च बंद केला.

सात वाजता आता पिंजऱ्यावर चादर.
खोली एकच, म्हणून माझ्यावरही.
निम्म्या साड्या परत पाठवल्या,
नई सडकचा शेठ बरंच बोलला.
चिटनीस की गोठमध्ये सगळ्यांचे टीव्ही चालू
आणि मी खाटेवर, अंधारात, सुईवाचून.
पहिला आठवडा हातांना कळेचना कुठे जायचं.
चादरीखालून आवाज यायचा
अंड्याला अंडं लागल्याचा,
डबीत दोन बटणं हलावीत तेवढाच.
तो ऐकता ऐकता झोप लागायची. मला.
साडेआठला!

तेविसाव्या दिवशी ती उठली
आणि परत बसली नाही.
दांडीवर गेली, पिसं झाडली, बाजरीसाठी ओरडली,
कचेरी सुटल्यासारखी.
अंडी गार. आता उचला, असं सांगितलेलं होतं.
मी दोन दिवस थांबले.
कशासाठी ते विचारू नका.

चारही तुळशीत नाही, कोरफडीच्या कुंडीत पुरली.
श्रीवास्तव भाभींनी विचारलं, काय पेरलंत?
कॅल्शियम, मी म्हटलं.

संध्याकाळी ती गजांशी येते, मान खाली घालून.
डोकं. गालावरचा नारिंगी टिकला. मान.
मान संपून जिथे पाठ सुरू होते
तिथे माझं बोट थांबतं.
तात्या अर्धं पाऊल पुढे सरकते.
मी बोट
तेवढंच मागे घेते.